सूत्रधाराच्या हाती ब्रश

महाभारत कोणी कोणाला सांगितलं, हे ग्रंथातच नोंदवलेलं आहे. जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाने ते राजाला ऐकवलं आणि पुढे नैमिषारण्यात सौतीने शौनकादी ऋषींना. सांगणारे पुरुष, ऐकणारे राजे नाहीतर ऋषी. २०१२ साली हार्परकॉलिन्स इंडियाने काढलेल्या ‘आदिपर्व’ या इंग्रजी चित्रकादंबरीत मात्र सांगायला बसली आहे गंगा. भीष्माची आई, शंतनूचं घर सोडून गेलेली राणी, आणि नदी असल्यामुळे पिढ्यानपिढ्यांची राख पोटात घेतलेली. तिच्याभोवती साधी माणसं जमतात. ती मधेच अडवतात, शंका काढतात. ही बैठक कोळशाच्या काळ्या-करड्या रेघांत आहे. गंगा बोलू लागली, की पुढच्या पानांवर रंग उसळतात. ऐकणाऱ्यांचा वर्तमान करडा आणि ऐकलेली गोष्ट रंगीत, ही त्या पुस्तकाची बांधणीच आहे.

ते लिहिलंही अमृता पाटील यांनी आणि रंगवलंही त्यांनीच. १९७९चा जन्म, गोव्यात वाढलेल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री चित्रकादंबरीकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. २००८ ते २०१९ या काळात त्यांची चार पुस्तकं आली. चारही वेगवेगळ्या वेळी वाचली असली, तरी मला ती एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात. गोष्ट सांगायचा हक्क कोणाचा? हा प्रश्न त्यांच्या पात्रांना जसा पडतो, तसाच तो चित्रकाराच्या पेशालाही पडलेला आहे, आणि तो दिवाळी अंकात विचारायला हवा असं मला वाटतं. या अंकांनी मराठी चित्रकाराला जेवढं घर दिलं, तेवढं दुसऱ्या कोणी दिलेलं नाही.

मी हे लिहितो आहे हुबळीच्या गोकुळ रोडवरून. शहराचं मोठं बसस्थानक याच रस्त्याला, विमानतळ याच रस्त्याला, मधे औद्योगिक वसाहत. पाट्या कन्नड, दुकानातलं बोलणं कन्नड, आणि आमच्यासारख्या घरांत उंबरठ्याच्या आत मराठी. बेळगावकडून मराठी दैनिकं येतात, दिवाळीत अंक येतात. इथून रेल्वे लोंढ्याला जाते, कॅसलरॉकनंतर घाट उतरते, दूधसागर ओलांडून कुळे आणि मग मडगाव. म्हणजे पाटील यांचा गोवा आम्हाला पुण्यामुंबईपेक्षा जवळचा.

या पट्ट्यात चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची चाल फार जुनी आहे. कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्याला तोगलु गोंबेयाटा म्हणतात. पडद्यामागे दिवा, पारदर्शक होईपर्यंत कमावलेल्या कातड्यावर रंगवलेले राम, रावण, द्रौपदी. हा खेळ करणारे किळ्ळेक्यात लोक पडद्यामागून कन्नडमध्ये बोलतात आणि घरी मराठीच्या जवळची बोली बोलतात. घाटाखाली सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची चित्रकथी. कागदावर रंगवलेल्या सुट्या चित्रांची चळत असते, तिला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र उचलून समोर धरतो, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीवर तो प्रसंग गाऊन सांगतो आणि पुढचं चित्र घेतो. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कित्येकांनी ‘चित्रकथी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. चित्रकथीत सांगणं आणि दाखवणं वेगळं काढता येत नाही. चित्र हातात आहे म्हणून तो बोलू शकतो.

छापखाना आला आणि ही दोन कामं वेगळी झाली. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथपासून आपल्याकडे चित्रांची मोठी रांग लागली. दीनानाथ दलाल मूळचे गोव्याचे. त्यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला आणि अंक हातात घेतल्याबरोबर डोळे निवावेत असं काम पंचवीस वर्षं केलं. रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच. त्यांची मुखपृष्ठं लोकांनी कापून चौकटीत लावली. पण कामाचा क्रम ठरलेला होता. कथा आधी यायची, संपादक ती चित्रकाराकडे पाठवायचे, चित्रकार त्यातला एक क्षण निवडून रेखाटायचा आणि कोपऱ्यात सही करायचा. कथेचं शेवटचं वाक्य लेखकाचंच. दलालांसारख्या माणसाने स्वतःचा अंक काढला, यामागे मला त्या कोपऱ्यातून बाहेर येण्याची ओढ दिसते. मालक झाले, संपादक झाले, तरी चित्रांतूनच सलग गोष्ट सांगण्याची वाट त्या काळी मराठीत रुळली नाही.

मुलांच्या चित्रपुस्तकांतही विभागणी तशीच होती. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ आणली. पै कार्कळचे, म्हणजे आमच्याच राज्यातले. त्यांच्या कृष्णाला रूप दिलं राम वाईरकरांनी. १९८०च्या दशकात या मालेत महाभारत ४२ भागांत आलं, त्याचे चित्रकार दिलीप कदम. प्रताप मुळीक पुण्याचे, त्यांनी अमर चित्र कथेसाठी काम केलं आणि पुढे ‘नागराज’च्या सुरुवातीच्या अंकांना चेहरा दिला. एका पिढीच्या मनातले देव, राजे आणि राक्षस या मराठी हातांतून उतरले. संहिता मात्र दुसऱ्याची असे. संवादाचे फुगे कुठे येणार, हे धरून चित्राची जागा आखावी लागे. या मंडळींचं ऋण मोजता येण्यासारखं नाही, आणि म्हणूनच त्यांना स्वतःची गोष्ट सांगायला कोणी बोलावलं नाही याची हळहळ वाटते.

जगात इतरत्र हे चित्र आधीच बदलत होतं. अमेरिकेत विल आयस्नर यांचं ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ १९७८ साली आलं. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ला १९९२ साली विशेष पुलित्झर मिळालं. आपल्याकडे ओरिजित सेन यांनी १९९४ साली नर्मदेच्या धरणग्रस्तांवर ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ केलं. ते भारतातली पहिली चित्रकादंबरी मानलं जातं. नंदुरबारच्या डोंगरातली बुडालेली गावं आठवतात त्या मराठी वाचकांनी ते जरूर पाहावं. २००४ साली सारनाथ बॅनर्जी यांचं ‘कॉरिडॉर’ पेंग्विनने काढलं. म्हणजे पाटील यांनी सुरुवात केली तेव्हा वाट पडलेली होती, पण तिच्यावर फार पावलं नव्हती.

पाटील यांचं शिक्षण पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या गोवा कला महाविद्यालयात झालं. १९९९ साली पदवी घेऊन त्या मुंबईला गेल्या आणि एंटरप्राइज नेक्सस या जाहिरातसंस्थेत कॉपीरायटर झाल्या. चित्रकलेची पदवी आणि नोकरी शब्दांची! पुढच्या कामाच्या दृष्टीने हा योग मला महत्त्वाचा वाटतो. जाहिरातीत चित्र आणि मथळा एकमेकांना धरून उभे असतात, आणि चित्रात दिसतं तेच शब्दांत पुन्हा सांगितलं तर जागा फुकट जाते. त्यानंतर त्या बोस्टनला गेल्या आणि तिथल्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सच्या कलाशाळेतून २००४ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली.

२००८ साली हार्परकॉलिन्समधून ‘कारी’ आलं. संपादक होत्या व्ही. के. कार्तिका. त्यांनी नवख्या लेखिकेकडून हे पुस्तक मागून घेतलं, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. चित्रकादंबरीत पैसा अडकतो, वेळ जातो, आणि विकली जाईल की नाही याची खात्री नसते.

‘कारी’ची नायिका धुरकट महानगरात राहते, जाहिरातसंस्थेत काम करते. तिचं आणि रूथचं एकमेकींवर प्रेम आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच दोघी आपापल्या इमारतीवरून उडी घेतात. रूथला जाळी झेलते, कारी गटाराच्या पाण्यात पडते आणि जगते. रूथ शहर सोडून जाते. कारी उरते, तिच्या गर्दीच्या भाड्याच्या घरात, दोन मैत्रिणी आणि त्यांचे मित्र यांच्यामधे, शाम्पूच्या जाहिरातीची वाक्यं जुळवत. पुढे तिला एक मरणाच्या दारात उभी असलेली स्त्री भेटते आणि या दोघींच्या भेटींनी पुस्तकाला खोली येते.

पहिल्या चित्राशी मी बराच वेळ थांबलो. दोन स्त्रिया शेजारी बसलेल्या, दोघींची हृदयं उघडी आणि एका नसेने जोडलेली. मेक्सिकोच्या फ्रीदा काहलो यांचं १९३९चं ‘दोन फ्रीदा’ हे चित्र ज्यांनी पाहिलं आहे त्यांना खूण लगेच पटते. काहलोंच्या चित्रात दोन्ही बायका त्या स्वतःच आहेत, ‘कारी’त त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत आणि थोड्याच वेळात उडी मारणार आहेत. शब्दांत हे लिहायचं तर परिच्छेद खर्ची पडेल, आणि तरी ती जोडलेली नस दिसणार नाही. पुस्तक बहुतेक काळ्या-पांढऱ्यात आहे, रंग अधूनमधून अचानक येतो आणि जातो. कारीच्या मनात काही हललं, हे वाचकाला ओळ वाचण्याआधीच कळतं.

हे पुस्तक आलं तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ अजून पूर्ण लागू होतं. दिल्ली उच्च न्यायालयाचा पहिला निकाल पुढच्या वर्षी, २००९ साली आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रश्न मार्गी लावला. अशा काळात दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट कोणतीही बाजू मांडण्याचा आव न आणता, घरभाडं-नोकरी-मैत्रीच्या रोजच्या जगण्यात ठेवून सांगणं, हे मोठं धैर्य होतं. कारीकडे कोणी बाहेरून पाहत नाही. गोष्ट तीच सांगते.

अशा पुस्तकांवर घर चालत नाही. पाटील यांनी २००७ ते २०१२ या काळात ‘माइंडफील्ड्स’ हे त्रैमासिक सहसंस्थापक आणि संपादक म्हणून चालवलं. २००९ साली त्यांना टेड फेलोशिप मिळाली. त्याच सुमारास फ्रान्समधल्या आंगुलेम गावाशी त्यांचा संबंध जुळला. या गावात १९७४पासून चित्रकथांचा महोत्सव भरतो आणि ‘मेझाँ देझ ओतर’ या वास्तूत देशोदेशींच्या चित्रकथाकारांना राहून काम करायला जागा देतात. तिथे त्यांनी महाभारतावर काम केलं. त्यांची पुस्तकं फ्रेंचमध्येही निघाली. एका गावाने चित्रकथाकाराला खोली, टेबल आणि उजेड दिला, की एक दीर्घ पुस्तक उभं राहू शकतं. आपल्याकडे नाट्यसंस्था आहेत, संगीताची गुरुकुलं आहेत. हुबळी-धारवाडने तर भीमसेनांपासून गंगूबाईंपर्यंत सगळ्यांना ऐकलं. चित्रातून कथा लिहिणाऱ्याला वर्षभर सांभाळणारी जागा मात्र मला या भागात दिसत नाही.

महाभारताकडे नव्याने पाहणं मराठी वाचकाला नवीन नाही. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या दहनाबद्दल जे प्रश्न विचारले, ते अजून निवलेले नाहीत. भैरप्पांचं ‘पर्व’ उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणलं आणि ते इथे आपलंच झालं. भैरप्पा एकेकाळी आमच्या हुबळीच्या काडसिद्धेश्वर कॉलेजात शिकवत. या दोघांनी महाभारतातला चमत्कार बाजूला काढून माणसं पाहिली. पाटील यांनी वेगळं केलं. त्यांनी चमत्कार ठेवला. समुद्रमंथन, सर्प, नद्या, देव सगळे पानभर रंगवले, आणि प्रश्न विचारायला श्रोते बसवले. ‘आदिपर्व’च्या कितीतरी पानांवर ओळीने आखलेल्या चौकटी नाहीत. अख्खं पान एकच चित्र, त्यावर मोजकी अक्षरं. ॲक्रिलिक, जलरंग, कोळसा, कापून चिकटवलेलं कोलाज, जिथे जे हवं ते. चौकटींची शिस्त सुटली की वाचकाची घाईही सुटते. चित्रकथीच्या बैठकीत एक चित्र गाणं संपेपर्यंत समोर असतं. इथे वाचक मनात येईल तेवढा वेळ थांबू शकतो. चित्रकथांचे अभ्यासक पॉल ग्रॅव्हेट यांनी ‘आदिपर्व’ची गणना २०१२च्या उत्तम चित्रकादंबऱ्यांत केली.

दुसरा भाग ‘सौप्तिक’ २०१६ साली आला आणि माझ्या मते तो चारही पुस्तकांत सगळ्यात कठीण आहे. इथे सूत्रधार अश्वत्थामा. सौप्तिकपर्व हे महाभारताचं दहावं पर्व. युद्ध संपलेलं, पांचालांचं शिबिर झोपलेलं, आणि या माणसाने रात्री आत शिरून द्रौपदीची पाचही मुलं मारली. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला आणि कृष्णाने त्याला भळभळत्या जखमेनिशी भटकायचा शाप दिला. मराठी घरांत तो ओळखीचा आहे. जखमेला लावायला तेल मागत फिरणारा अश्वत्थामा नर्मदेच्या परिक्रमेत दिसला, असं सांगणारे लोक आजही भेटतात. ज्याला तेलाचा थेंब द्यायला लोक कचरतील, त्याच्या तोंडून महाभारत ऐकायचं! गंगेवर विश्वास ठेवणं सोपं होतं. खुन्याची साक्ष ऐकताना वाचक प्रत्येक चित्राकडे संशयाने पाहतो. तो द्रौपदीबद्दल बोलतो तेव्हा चीड येते आणि त्याच्या एकटेपणाचं पान आलं की ती चीड टिकत नाही. जंगल, नदी, माती यांची नासाडी दोन्ही पुस्तकांत सारखी जाणवत राहते. युद्ध माणसांपुरतं कधीच नव्हतं, हे पाटील यांच्या रंगांतून कळतं.

२०१७च्या मार्चमध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. चित्रकादंबरीकाराला राष्ट्रपती भवनात बोलावलं गेलं, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

आता मराठीबद्दल. महाराष्ट्राचे विषय चित्रकादंबरीत आले, ते इंग्रजीतून आले. २०११ साली ‘नवयान’ने दोन पुस्तकं काढली. एक ‘भीमायन’, डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावर, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांची. त्यांनी डब्यांच्या चौकटी नाकारल्या, पान मोकळं ठेवलं. दुसरं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’, जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर, चित्रं अपराजिता निनन यांची. बाबासाहेब आणि जोतीराव आपले, आणि त्यांच्या चित्रकादंबऱ्या दुसऱ्या भाषेत आधी व्हाव्यात, याला कारण चित्रकारांची वाण आहे असं मी मानत नाही. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, पणजी इथल्या कलाशाळांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. त्यांच्या हाती आपण एखाद्या कथेसाठी एक चित्र काढायचं काम देतो आणि कोपऱ्यात सही करायला सांगतो.

दिवाळी अंकाच्या संपादकांकडे माझं एक मागणं आहे. अंकाचा एक फर्मा, म्हणजे सोळा पानं, दरवर्षी एका चित्रकाराला द्या. लेखकाची संहिता देऊ नका. गोष्ट त्याची किंवा तिची, रेघ त्यांची, पानांची मांडणी त्यांची. काळ्या-पांढऱ्यात छापा, ‘कारी’सुद्धा बहुतांश तशीच आहे. मानधन कथालेखकाएवढं द्या आणि काम दिवाळीच्या आधी दोन महिने नको, वर्षभर आधी सांगा. सोळा पानांची चित्रकथा नीट करायला तेवढा वेळ लागतोच. पाटील यांच्या दोन पुस्तकांमधली अंतरं पाहा, चार वर्षं, चार वर्षं, तीन वर्षं.

शेवटचं तीन वर्षांचं अंतर ‘आरण्यक’चं. देवदत्त पट्टनायक यांच्या सोबतीने केलेलं हे पुस्तक २०१९ साली वेस्टलँडच्या ट्रँक्वेबारकडून आलं. कार्तिका तोवर वेस्टलँडमध्ये आल्या होत्या. याज्ञवल्क्य, मैत्रेयी, गार्गी ही नावं आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. विद्वान स्त्रियांची यादी केली की गार्गी-मैत्रेयी येतातच. याज्ञवल्क्याला आणखी एक पत्नी होती, कात्यायनी. बृहदारण्यक उपनिषद तिच्याबद्दल एवढंच म्हणतं की तिची बुद्धी बायकांच्या नेहमीच्या व्यवहारापुरती होती. त्यानंतर मैत्रेयीचा संवाद सुरू होतो आणि कात्यायनीला एकही वाक्य मिळत नाही.

पाटील यांनी गोष्ट तिच्याकडे दिली. जंगलात राहणारी, भरपूर भूक असलेली, अन्नाशी आणि आगीशी रोज हात लावून बोलणारी कात्यायनी. ऋषींच्या चर्चा चालतात, ती रांधते, आणि रांधताना तिला जे उमगतं ते त्या चर्चेच्या तोडीचं असतं. कोण कोणाला खातं, किती घ्यायचं, कधी थांबायचं, जंगलाची हद्द कुठे सुरू होते, हे ती हातांनी शिकलेली आहे. माझी आई याच गोकुळ रोडवरच्या घरात भाकऱ्या थापत वेदान्ताची पुस्तकं वाचणाऱ्या वडिलांचं बोलणं ऐकायची, मधेच एखादा प्रश्न टाकायची आणि वडील गप्प व्हायचे. तिला हे पुस्तक दाखवलं असतं तर तिने आधी चुलीची चित्रं पाहिली असती, लाकडं बरोबर लावली आहेत का ते तपासलं असतं, आणि मग वाचायला घेतलं असतं.